ओडियातला 'गला' दर वेळी जात नाही

ग्लास फुटला की कुणी फोडला? मराठीत हा वाद क्रियापदच मिटवतं, कारण फुटणं वेगळं आणि फोडणं वेगळं. ओडियात मात्र दोन्हीकडे धातू एकच, 'भांग्'. 'ग्लासटा भांगिगला' म्हटलं की ग्लास फुटला, 'ग्लासटा भांगिदेला' म्हटलं की कुणीतरी फोडला. 'गला' म्हणजे गेला आणि 'देला' म्हणजे दिला. इथं कुणी कुठं गेलेलं नाही, कुणाला काही दिलेलंही नाही. तरी दोष कुणाचा, हे त्या शेवटच्या दोन अक्षरांवरच ठरतं.

हीच संयुक्त क्रियापदं. आपल्यालाही ती परकी नाहीत. 'खाऊन टाकलं' म्हणताना आपण काही फेकत नाही आणि 'बोलून बसलो' म्हणणारा उभाही असू शकतो. ओडियात पहिल्या धातूला 'इ' लागते आणि तिच्यामागे जा, दे, ने, पड़, पका, उठ यांपैकी एखादं क्रियापद येतं. 'शोइपड़िला' म्हणजे झोप लागली, 'कांदिपकाइला' म्हणजे रडूच कोसळलं. 'हसिदेला' म्हणजे नुसतं हसला. त्याचं शब्दशः मराठी 'हसून दिलं' असं केलं, तर वाचणारा बुचकळ्यात पडेल.

संगणकाला भाषा शिकवताना पहिल्या पायऱ्यांपैकी एक असते पदविश्लेषणाची. समोर आलेल्या शब्दातला धातू कोणता, प्रत्यय कोणते, काळ आणि पुरुष कोणता, हे सुटं करून सांगायचं. ओडियात खरी कसोटी लागते ती ही क्रियापदं पुष्कळदा एकाच शब्दात जोडून लिहिली जातात म्हणून. 'खाइदेइथिला' हा एक शब्द घ्या. खाइ, देइ, थिला. मराठीत त्याला तीन शब्द लागतात: खाऊन टाकलं होतं. 'खाइ' हा अर्थाचा गाभा, 'देइ' कृती पुरती संपल्याची खूण, 'थिला' भूतकाळ. आता मधला तुकडा काढून पाहा. 'खाइथिला', म्हणजे खाल्लं होतं. शेवट बदलला की 'खाइपारे', म्हणजे खाऊ शकतो. त्याच 'इ'च्या मागे कधी काळ येतो, कधी शक्यता, कधी आपला खरा अर्थ बाजूला ठेवून आलेलं क्रियापद. दिसायला सगळं सारखंच, काम मात्र प्रत्येकाचं निराळं.

इथं शॉर्टकट घेण्याचा मोह होतो. शेपूट छाटायचं आणि धातू ठेवायचा. नुसत्या शब्दशोधासाठी ते चालून जाईल. भाषांतरासाठी मात्र ही छाटणी मला घातक वाटते. 'भांगिगला' आणि 'भांगिदेला' दोन्ही 'भांग्'वर आणून ठेवले, की फुटणं आणि फोडणं यांतला फरक कायमचा गेला. वाक्यात कर्ता गाळलेला असेल, आणि ओडियात तो आपल्यासारखाच सर्रास गाळतात, तर तो फरक परत मिळवायला दुसरी जागाही उरत नाही.

यावर जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे फायनाइट स्टेट ट्रान्सड्यूसर, म्हणजे ठरलेल्या टप्प्यांवरून पुढे सरकत शब्द वाचणारं आणि त्याचं विश्लेषण देणारं यंत्र. फिनलंडच्या किम्मो कोस्केनिएमी यांनी 1983मध्ये लांबलचक फिनिश शब्दांसाठी द्विस्तरीय पद्धत मांडली (एक स्तर लिहिलेल्या शब्दाचा, दुसरा त्याच्या विश्लेषणाचा), तिचा पाया हाच. रेल्वेचे रूळ डोळ्यांपुढे आणा. धातूच्या स्टेशनातून निघालं की 'इ'च्या जंक्शनवर रूळ फुटतात. एक थेट 'थिला'कडे, एक 'पारे'कडे, एक 'दे'-'गला'कडे. 'दे'वर पोचलेली गाडी पुन्हा 'इ' घेऊन 'थिला'कडे जाऊ शकते. 'थिला'वरून 'दे'कडे परतीचा रूळच नाही. शिवाय 'गला' दिसलं की धातू 'जा', हे यंत्राला वेगळं सांगावं लागतं. आपल्या 'गेला'चंही तेच. त्यातून गलि, गलु, गल, गला, गले ही पुरुषांनुसार होणारी रूपं. लिंगाचा मात्र तिथं पत्ता नाही. 'से गला' म्हणजे तो गेला किंवा ती गेली, त्यामुळे मराठीत आणताना तेवढं बाहेरूनच शोधावं लागतं.

कुठला धातू कुठल्या सोबत्याबरोबर जातो, याची यादी मात्र बसून करावी लागते. 'मरिगला' बरोबर, 'मारिदेला' बरोबर, पण त्यांची अदलाबदल केली तर ओडिया कानाला खटकेल. हे काम नियमांनी फार पुढे जात नाही. ती भाषा बोलणारा माणूस शेजारी हवा.

आणि तरीही 'से भात खाइ गला' हे वाक्य उरतंच. लिहिणाऱ्यानं मध्ये जागा सोडली आहे. त्यानं भात संपवला, की भात खाऊन तो निघून गेला? 'खाइकरि गला' असतं तर दोन कृती हे नक्की. 'खाइ घरकु गला' असतं तरीही, कारण 'घरकु' म्हणजे घरी, आणि ते मध्ये शिरलं की जोडी फुटते. तसं काहीच नसेल, तर विश्लेषकानं दोन्ही उत्तरं लिहून ठेवावीत आणि निवड पुढच्या टप्प्यावर सोपवावी. पुढच्या वाक्यात रिकामं ताट येतं की बाहेरची वाट, ते त्या टप्प्यालाच दिसेल.