सूचीतला ‘विकसनशील’: नकाशावर विकास शिकवण्याची पार्श्वभूमी

जगाच्या नकाशावरून विकास शिकवायचा म्हटलं की चर्चा लगेच प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीवर, घसरते. १५६९ चं मर्केटर प्रक्षेपण खलाशांच्या सोयीचं होतं. त्यात दिशा साधते, क्षेत्रफळ बिघडतं; ध्रुवांकडचे प्रदेश फुगलेले दिसतात. १९७३ मध्ये एका जर्मन इतिहासकाराने समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचं प्रमाण राखणारा, नकाशा पुढे आणला आणि गरीब देशांना त्यांचा खरा आकार मिळाल्याचा बराच गाजावाजा झाला. तशाच धाटणीचा नकाशा १८५५ मध्ये एका स्कॉटिश धर्मोपदेशकाने मांडलेला होता. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या भूगोल संघटनांनी जगासाठी चौकोनी नकाशे वापरूच नयेत, असा ठराव केला.

वर्गात हा वाद एका तासात उलगडतो. पृथ्वीगोलावर बटर पेपर धरून ग्रीनलँड गिरवायचं, कापायचं आणि भारतावर ठेवायचं. भारत ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलँड २१.६६ लाख, भारताची बरीच जागा उघडी राहते. गोलावर कागदाला चुण्या पडतात, तेव्हा प्रक्षेपण म्हणजे काय हे मुलांना न सांगता कळतं.

खरा गुंता सूचीतल्या, म्हणजे नकाशातल्या रंगांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीतल्या, शब्दांचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामी राजवटीतून सुटला. त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी १९४९ मध्ये, अमेरिकी अध्यक्षांनी पदग्रहणाच्या भाषणात ‘अविकसित प्रदेश’ हा शब्द वापरला आणि तो जगभर रूढ झाला. पुढे ‘तिसरं जग’ आलं, मग ‘विकसनशील’. १९८० च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालाने श्रीमंत उत्तर आणि गरीब दक्षिण अशी रेघ ओढली; ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ‘उत्तरेत’ घ्यायला ती रेघ खाली वळवावी लागली. मुलं नेमकी त्या वळणावर बोट ठेवतात. २०१६ मध्ये जागतिक बँकेने आपल्या आकडेवारीतून ‘विकसित-विकसनशील’ ही विभागणीच काढून टाकली. आमच्या वर्गांतून ती अजून गेलेली नाही. जायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण इथल्या, मराठवाड्यातल्या मुलांना ‘मागास’ हा शब्द नकाशाच्या आधी भेटतो. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या मुलाला राज्यातलं अंतर पायांनी ठाऊक असतं. ‘विकसनशील’चा रंग भरताना तो आपल्यालाच खालच्या रांगेत बसवतो.

पण मराठवाड्याकडे दुसराही एक शब्द आहे: अनुशेष. १९८३ मध्ये नेमलेल्या समितीने सिंचन, रस्ते, शिक्षण अशा बाबींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती खाली आहे, ते मोजलं. तो भरून काढायला १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मंडळांनी किती साधलं, यावर इथे आजही कडाक्याने बोललं जातं. शब्द मात्र टिकला. ‘मागास’ माणसाला चिकटतो. ‘अनुशेष’मध्ये कुणाचं तरी देणं राहिलेलं असतं.

जागतिक जबाबदारीचा धडा मला इथूनच सुरू करावासा वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या आठ विकास उद्दिष्टांचा रोख मुख्यतः गरीब देशांवर होता; २०१५ ची १७ शाश्वत विकास उद्दिष्टं १९३ देशांनी स्वतःसाठीही मान्य केली. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारीशेजारी अभ्यासायचे असतात. त्या दोन देशांच्या नकाशाच्या आराखड्यावर आम्ही आता सूचीची चौकट कोरी ठेवतो. साक्षरता, आयुर्मान, सिंचन यांचे आकडे मुलं स्वतः लिहितात, आणि त्याच कागदाच्या मागे मराठवाड्याचे आठ जिल्हे काढतात.