दार उघडलं, मग गाडी सुरू का होईना?

सेकंडहँड पिकअप घेतली की व्यवहारात बहुधा एकच किल्ली हाती पडते. मार्केट यार्डात पहाटे माल पोचवायचा तर एका किल्लीवर भागत नाही. ड्रायव्हरकडे एक आणि मालकाकडे एक लागतेच. मग कुणी बाजारातला स्वस्त रिमोट आणतो, किल्लीची पात कापून घेतो, बटणंही जोडून घेतो. दार उघडतं, किल्ली फिरते, इंजिन क्षणभर धरतं आणि बंद पडतं. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत राहतं. ‘रिमोट डुप्लिकेट निघाला,’ असा निकाल लागतो. रिमोट बिचारा बरेचदा ठीक असतो.

गोम अशी की त्या प्लास्टिकच्या मुठीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. पात कुलूप फिरवते. रिमोट दार उघडतो. तिसरी गोष्ट म्हणजे ट्रान्सपॉन्डर चिप, आणि इंजिनला परवानगी मिळते ती हिच्यामुळे. काही मॉडेलांत रिमोट आणि ट्रान्सपॉन्डर एकाच चिपमध्ये असतात, पण कामं वेगळीच. काही साध्या पिकअपना तर कंपनीकडून रिमोट किंवा चिप येतच नाही. नंतर बसवलेला सेंट्रल लॉकिंगचा किट असतो. त्याला नवा रिमोट जोडायचा तर किटवरचं बटण दाबायचं, मग रिमोटचं दाबायचं, झालं काम.

ट्रान्सपॉन्डर बघण्यासारखा असतो. जुन्या पद्धतीच्या किल्लीचं डोकं उघडलं तर कडेला सेंटिमीटरभर लांबीचा काळा तुकडा किंवा काचेची बारीक कुपी दिसते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. किल्ली फिरवली की ते १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि चिपमधल्या चिमुकल्या वेटोळ्यात तेवढ्यापुरती वीज निर्माण होते. तेवढ्या विजेवर चिप जागी होते. गाडी तिला दर वेळी वेगळी, यदृच्छ संख्या पाठवते, चिप आपल्या गुप्त अंकांनी त्यावर गणित करून उत्तर देते. उत्तर जुळलं तरच इंधन आणि स्पार्क चालू राहतो. गुप्त अंक मात्र हवेतून कधीच जात नाहीत. रिमोटचं कवच तुटल्यावर नवं कवच घालून जुनं कचऱ्यात टाकणारे लोक ही चिपही बरोबर टाकून देतात, आणि मग टोइंगवाल्याला फोन करतात.

रिमोटचं तंत्र निराळं. त्याला सेल लागतो, आणि आपल्याकडे तो बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतो. (नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा पट्टाही ऐकते, म्हणजे टोमॅटोच्या पिकअपचा रिमोट आणि दूरच्या दीर्घिका एकाच पट्ट्यात!) अमेरिकेसाठी बनवलेले बरेच रिमोट ३१५ मेगाहर्ट्झचे असतात; दिसायला हुबेहूब, पण इथल्या गाडीला ते ऐकूच जात नाहीत. ऑनलाइन घेताना आधी हा आकडा बघावा.

दर वेळी तोच कोड पाठवला तर कुणीही तो टिपून ठेवील. म्हणून रिमोटमध्ये एक गणक असतो. बटण दाबलं की तो एकने पुढे सरकतो आणि नवा कोड निघतो. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आणि १९९५ साली मायक्रोचिप कंपनीने विकत घेतलेल्या कीलॉक पद्धतीत साधारणपणे पुढच्या १६ कोडपर्यंत गाडी मुकाट मानते. घरी पोरांनी खेळताना पन्नास वेळा बटण दाबलं तर? पहिल्या दाबाला गाडी गप्प राहते, पण लागोपाठ दुसरा कोड क्रमाने आला की पुन्हा जुळवून घेते. ही पद्धतही अभेद्य राहिली नाही. २००८ साली जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी चिपच्या वीजवापरातल्या चढउतारांवरून तिची गुपितं काढून दाखवली.

प्रोग्रामिंगमध्ये किल्लीवर थोडंफार लिहिलं जातं, पण खरी नोंद होते ती गाडीत. रेशनकार्डावर नाव चढवावं तशी. किल्लीवाला स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या जोडणीला, स्कॅनर लावतो, बऱ्याच गाड्यांत गाडीचा गुप्त पिन मागितला जातो, आणि नवी चिप यादीत जाते. अमेरिकेतल्या फोर्डच्या कित्येक पिकअपमध्ये नोंदलेल्या दोन किल्ल्या हाताशी असतील, तर मालक स्कॅनरशिवाय तिसरी जोडू शकतो. जनरल मोटर्सच्या काही जुन्या गाड्या मात्र नवी किल्ली ओळखायला शिकताना दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या घेतात. चोराला अर्धा तास थांबणं परवडत नाही, हाच हेतू. दुसऱ्या गाडीची जुनी किल्ली सहसा चालत नाही, कारण एकदा नोंदलेली चिप बहुधा कुलूपबंद होते.

सेकंडहँडवाल्याने ज्याकडे लक्ष द्यावं ते इथेच आहे. हातात किती किल्ल्या आहेत याच्याइतकाच यादीत किती आहेत हा प्रश्न महत्त्वाचा, आणि तो आकडा पुष्कळ गाड्यांत स्कॅनरवर दिसतो. हातात एक आणि यादीत तीन, तर उरलेल्या दोन आधीच्या मालकाकडे, त्याच्या ड्रायव्हरकडे किंवा एजंटाच्या खणात. बहुतेक गाड्यांत सगळ्या किल्ल्या पुसून हातातल्या पुन्हा चढवता येतात. म्हणून जाताना घरातली एकूण एक किल्ली घेऊन जावी, घरी राहिलेली तीही पुसली जाते. पुसलेल्या किल्लीने इंजिन चालू होत नाही, पण पात तीच असल्याने दार उघडतंच. ते थांबवायचं तर लॉकसेट, म्हणजे गाडीची कुलपंच, बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च वेगळा.