धातू व अधातू

धातू व अधातू : गुणधर्मांवरून केलेले मूलद्रव्यांचे दोन मुख्य वर्ग. चकाकी, ठोकून पत्रा व ओढून तार होणे, उष्णता व विजेचे सुवहन, बहुधा आम्लारिधर्मी ऑक्साइडे ही धातूंची लक्षणे. अधातू सामान्यतः याच्या उलट. ही यादी सर्वपरिचित आहे. वाद आहे तो सीमारेषेचा.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझ्ये यांच्या १७८९ च्या मूलद्रव्यांच्या यादीत १७ धातू असून त्यांत आर्सेनिक व अँटिमनीही आहेत. त्या काळी जडपणा हे धातूचे लक्षण मानीत. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये विद्युत् विच्छेदनाने (वीज सोडून पदार्थाचे घटक अलग करून) पोटॅशियम व सोडियम वेगळे केले आणि हे लक्षण टिकेना. सोडियमची घनता ०.९७, पोटॅशियमची ०.८६, दोन्ही पाण्याहून हलके. सोडियम सुरीने कापता येते. ताजा काप रुपेरी दिसतो व हवेत पाहता पाहता काळवंडतो. एर्मान व सिमोन यांनी १८०८ मध्ये या द्रव्यांसाठी ‘मेटलॉइड’ (धातूसारखे) हे नाव सुचविले. डेव्ही यांनी चकाकी व विद्युत् संवहन पाहून त्यांना धातूच मानले, आणि ते योग्यच होते.

चकाकीही पुरेशी नाही. आयोडिनाचे स्फटिक चकाकतात. ग्रॅफाइट चकाकते आणि वीजही वाहून नेते. अँटिमनीचा खडा चांगला रुपेरी असतो, पण हातोडीखाली पसरत नाही, त्याचा भुगा होतो. वितळबिंदूवरूनही निर्णय होत नाही : गॅलियम धातू असूनही २९.७६° से.ला वितळते.

त्यामानाने तापमानाची कसोटी अधिक ग्राह्य वाटते. तापविल्यावर धातूचा विद्युत् रोध वाढतो, कारण अणूंची कंपने वाढून मुक्त इलेक्ट्रॉनांना अडथळा होतो. सिलिकॉन, जर्मेनियम यांत उष्णतेने नवे इलेक्ट्रॉन मोकळे होतात व रोध घटतो. या कसोटीने आर्सेनिक व अँटिमनी धातूंकडे झुकतात; रासायनिक वर्तनावरून मात्र बहुतेक लेखक त्यांना बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम व टेल्यूरियम यांच्यासह धातुसदृशांत (धातू व अधातू यांच्या मधल्या वर्गात) घालतात.

कथिलात तर सीमारेषा एकाच मूलद्रव्यातून जाते. पांढरे कथिल धातू आहे. त्याची कांडी वाकविली की करकर असा आवाज येतो. १३.२° से.खाली करडे रूप स्थिर असते. त्याची अणुरचना हिऱ्यासारखी व घनता ५.७७ (पांढऱ्याची सु. ७.३). आकारमान वाढल्याने वस्तूवर फोड येतात आणि शेवटी भुकटी होते. हा बदल प्रत्यक्षात फार सावकाश, बऱ्याच खालच्या तापमानाला होतो. त्यामुळे १८१२ च्या रशियावरील स्वारीत नेपोलियनच्या सैनिकांची बटणे अशीच गळाली, ही आख्यायिकाच समजावी.

हायड्रोजन अतिदाबाखाली धातुरूप होईल, असे विग्नर व हंटिंग्टन यांनी १९३५ मध्ये मांडले. गुरू ग्रहाच्या अंतर्भागात हा धातुरूप हायड्रोजन द्रवरूपात असावा, असे सामान्यतः मानतात. घनरूपात तो प्रयोगशाळेत मिळाल्याचे दावे वादग्रस्त आहेत.