रिअल-टाइम एफएमआरआय न्यूरोफीडबॅक

मेंदूच्या ठरावीक भागातील क्रिया एमआरआय यंत्राने टिपायची (हीच एफएमआरआय, म्हणजे कार्यात्मक एमआरआय), संगणकाने तिचा तिथल्या तिथे हिशेब करायचा आणि यंत्रात झोपलेल्या माणसालाच तो पडद्यावर दाखवून ती क्रिया वाढवायला किंवा कमी करायला शिकवायचे, अशी ही पद्धत. तिला शस्त्रक्रिया लागत नाही की औषध लागत नाही. लागते ते कोट्यवधींचे यंत्र. त्यामुळे तिचा मुक्काम अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच आहे.

यंत्र मेंदूतले विचार मोजत नाही, रक्त मोजते. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म बदलतात आणि हा फरक प्रतिमेत पकडता येतो, हे सेइजी ओगावा यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९९० मध्ये उंदरांवर दाखवले. १९९२ मध्ये माणसांवरचे निष्कर्ष आले. चेतापेशी कामाला लागल्या की त्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो, पण संकेत शिगेला पोचायला चार-सहा सेकंद जातात. वाढही जेमतेम काही टक्क्यांची. मान किंचित हलली किंवा श्वास लांबला तरी तेवढा फरक सहज पडतो. म्हणून खरी कसोटी गणनेची असते. साधारण दर दोन सेकंदांनी संपूर्ण मेंदूची नवी प्रतिमा येते, आणि पुढची येण्याआधी संगणकाने डोक्याची हालचाल दुरुस्त करून हव्या त्या भागाचा संकेत वेगळा काढायचा असतो. असे विश्लेषण चालू तपासणीतच करण्याची रीत रॉबर्ट कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडली.

उपचाराच्या दिशेने झालेला एक लक्षणीय प्रयोग ओक्लाहोमातील टल्सा शहरातला. औषधे न घेणाऱ्या ३६ नैराश्यग्रस्तांना आनंदाच्या आठवणी जागवत पडद्यावरची पट्टी वर चढवायला सांगितले होते. १९ जणांची पट्टी अमिग्डाला या मेंदूतील भावनांशी निगडित भागाच्या क्रियेवर हलत होती, उरलेल्या १७ जणांची संख्याज्ञानाशी जोडल्या जाणाऱ्या भलत्याच भागावर. कोण कोणत्या गटात, हे त्यांना ठाऊक नव्हते. २०१७ च्या अहवालानुसार पहिल्या गटातील १२ जणांची लक्षणे निम्म्याहून अधिक घटली, दुसऱ्यातील फक्त दोघांची. आकडे बोलके आहेत, पण गट लहान. आणि दुसऱ्या गटाची ही तरतूद फार महत्त्वाची: भव्य यंत्र, आपल्याच मेंदूचे दर्शन आणि बरे होण्याची आशा एवढ्यानेही माणसाला बरे वाटू शकते. असा तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासांवर फारसे विसंबू नये.

याहून चकित करणारा प्रकार म्हणजे ‘डेकनेफ’ (डिकोडेड न्यूरोफीडबॅक). मित्सुओ कावातो, ताकेओ वातानाबे आणि सहकाऱ्यांनी तो २०११ मध्ये मांडला. वेगवेगळ्या कोनांत कललेल्या पट्ट्यांचा नमुना पाहताना दृष्टिबाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातील पाहण्याशी निगडित भागात, क्रियेचा कोणता आकृतिबंध उमटतो, हे आधी संगणकाला शिकवले. मग पट्ट्या काढून टाकल्या. समोर हिरवी चकती, आणि सूचना एवढीच की कसेही करून ती मोठी करा. जितकी मोठी तितके जास्त पैसे. चकतीचा आकार मेंदूतील आकृतिबंध एका निवडलेल्या कोनाशी किती जुळतो यावर ठरत होता. कुणी काय विचार करत होते त्याचा त्या कोनाशी काही संबंध नव्हता, तरी काही दिवसांनी तोच कोन त्यांना अधिक अचूक ओळखू येऊ लागला. कोणता कोन शिकवला गेला, हे मात्र त्यांना सांगता येईना. याच तंत्राने २०१६ मध्ये, विजेच्या सौम्य झटक्यांनी रंगांविषयी निर्माण केलेली भीती, ते रंग पुन्हा न दाखवता कमी करण्यात आली.

नकळत शिकवता येते म्हटल्यावर संमतीचा प्रश्न आलाच. भारतात मेंदूच्या चाचण्यांबाबत तो न्यायालयात गेला आहे, तोही ईईजीवर, म्हणजे डोक्यावर लावलेल्या विद्युतअग्रांनी मेंदूतील विद्युत संकेत टिपण्यावर, आधारित चाचण्यांच्या निमित्ताने. २००८ मध्ये पुण्यातील एका खून खटल्यात अशा चाचणीचा अहवाल विचारात घेतला गेला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सक्तीच्या चाचण्या घटनाबाह्य ठरवल्या. तो निकाल मेंदू वाचण्यापुरता आहे, त्याला वळण लावण्याविषयी नाही.

खर्चावर तोडगा म्हणून एफएमआरआयच्या नोंदींवरून ईईजीतील जुळते संकेत हुडकून काढले जातात आणि पुढचे प्रशिक्षण डोक्यावरच्या ईईजीच्या टोपीवर भागवले जाते. अमिग्डालाशी निगडित संकेतावर चालणाऱ्या अशा ‘प्रिझम’ या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये आघातोत्तर तणावविकारावर पूरक उपचार म्हणून परवानगी दिली.