काशिन : सेनगोकू काळातील जपानी शिलेदार

जपानमध्ये दाइम्योच्या, म्हणजे प्रांताच्या सत्ताधीशाच्या, पदरी असलेल्या सामुराईला काशिन म्हणत. १४६७ च्या ओनिन युद्धापासून सोळाव्या शतकाच्या अखेरपर्यंतचा लढायांचा काळ तो सेनगोकू. सामुराई म्हटले की तलवार आठवते. पण काशिनाचे आयुष्य खरे बांधलेले होते ते जमिनीच्या आकड्याशी.

ओदावाराच्या होजो या दाइम्यो घराण्याने १५५९ मध्ये सुमारे ५६० काशिनांची नोंदवही केली. कोणाकडे कोणते गाव आणि त्याचे उत्पन्न किती ‘कान’, हे तीत लिहिलेले आहे. एक कान म्हणजे तांब्याची १००० नाणी. या आकड्यावरूनच लढाईला किती माणसे आणायची ते ठरे. मुसाशी प्रांतातील मियागी शिरोबेई याचे उत्पन्न २८४ कान ४०० नाणी. १५७२ च्या हजेरीपत्रकाप्रमाणे त्याने स्वतःला धरून ३६ जण आणायचे होते : ७ घोडेस्वार, १७ भालाईत, २ बंदूकधारी, १ तिरंदाज, ४ निशाणवाले आणि ४ पायदळी. म्हणजे दर ८ कानांमागे साधारण एक माणूस. घोडे, भाले, चिलखते यांची तजवीज काशिनानेच करायची.

लहान काशिन थेट धन्यापुढे जात नसे. त्याला एका वडीलधाऱ्या सरदाराच्या हाताखाली देत; या सरदाराला ‘योरिओया’ म्हणत, आणि यातला ‘ओया’ म्हणजे पालक. तक्रार, विनंती सारे त्याच्यामार्फत. मनाला येईल तेव्हा योरिओया बदलायला इमागावा या दाइम्यो घराण्याच्या १५५३ च्या पुरवणी कायद्यात मनाई होती. त्याच घराण्याच्या १५२६ च्या मूळ कायद्याप्रमाणे दोघांनी हाणामारी केली तर चूक कोणाची हे न पाहता दोघांनाही देहदंड. धन्याच्या माणसांनी आपसांत मरू नये, हा त्यामागचा रोकडा हिशेब.

मोहिमेतला शिधा माणशी दिवसाला ६ गो (हे जपानी माप) तांदूळ, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम. शिवाय दहा जणांत १ गो मीठ आणि २ गो मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा. तांदूळ थोड्याच दिवसांचा देत, कारण जास्त हाती पडला की पिणारे त्याची दारू करत आणि पुढे उपाशी राहत. अळूचे देठ वाळवून, त्यांची दोरी वळून मिसोत शिजवत आणि पुन्हा सुकवत. या दोरीने ओझे बांधायचे. मुक्कामाला तुकडा तोडून पाण्यात उकळला की कालवण तयार.

बायकामुले गावी ठेवून चाकरी करण्याची पद्धत नव्या धन्यांना खपेना. १५७८ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य दाइम्योच्या आझुची किल्ल्याच्या गावात एका तिरंदाजाच्या घराला आग लागली, तेव्हा त्या तिरंदाजाचे कुटुंब तिथे नसल्याचे नोबुनागाच्या लक्षात आले. चौकशीत असे १२० जण निघाले. नोबुनागाने त्यांची ओवारी या मूळ प्रांतातील घरे जाळवली. शेतीजवळ राहणारा काशिन किल्ल्याभोवतीच्या वस्तीत आला तो असा, सक्तीने. १५९१ मध्ये नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने लढवय्याने शेतकरी किंवा व्यापारी होण्यावरच बंदी घातली.