भरवसा (ख्रिस्ती श्रद्धा)

संकटात देवावर भार टाकून मन शांत ठेवणे, याला मराठी ख्रिस्ती माणूस 'भरवसा' म्हणतो. 'विश्वास' देव आहे एवढे मानण्यापुरताही असू शकतो. भरवशात स्वतःला त्याच्या हाती सोपवणे येते. आपला भार परमेश्वरावर टाक, असे बायबलमधले 55वे स्तोत्र सांगते. वारकऱ्यांच्या 'भार घालणे'शी ही भाषा अशी जुळते की सातारा-सांगलीकडच्या कानाला ती परकी वाटत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून गायली; 1917 साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तेव्हाही देशी मातीतली भक्तीच त्यांना हवी होती.

चिंता करू नका, प्रार्थना करा, असे येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिले ते बंदिवासातून. म्हणूनच त्या ओळींना वजन आहे. तिथली शांती अंतःकरण 'राखते'. मूळ ग्रीक क्रियापद पहारा देण्याचे आहे. संकट टळेल, असे वचन मात्र तिथे नाही.

हा भरवसा सर्वांत जवळून दिसतो तो आजाऱ्याच्या खाटेशी. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिशन दवाखाना उघडला, तेव्हापासून इथे औषध आणि प्रार्थना शेजारी-शेजारी नांदत आली. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, येतात, आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवतात, बहुधा 23वे स्तोत्र म्हणतात. डबा घेऊन आलेली सून पिशवी खाली ठेवून डोक्यावर पदर घेते. या स्तोत्रातली एक गोष्ट वाचताना सहज निसटते. हिरव्या कुरणात असताना मेंढपाळ 'तो' आहे; मृत्युच्छायेच्या दरीत शिरताच तो 'तू' होतो. माणूस देवाविषयी बोलायचा थांबतो आणि देवाशीच बोलू लागतो.

भरवसा म्हणजे गप्प सोसणे, हा समज खरा नाही. बायबलमधला दुःखाने पिचलेला ईयोब देवाशी भांडतो. 88वे स्तोत्र अंधारातच संपते. वधस्तंभावर येशूच्या ओठी आला तो 22व्या स्तोत्राचा आक्रोश: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मयताच्या घरी सतरंजी अंथरून प्रार्थना चालू असताना कुणी विधवेला 'रडू नको, देवाची इच्छा' म्हणते, तेव्हा हेतू चांगला असतो, पण शास्त्राला तसे म्हणायचे नाही. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, पुन्हा जिवंत उठवण्याआधी त्याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला होता.