बटनाचा फोन घेताय? आधी 2जी की 4जी ते पाहा

पांढरकवडा किंवा आर्णीच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात जाऊन "साधा बटनाचा फोन दाखवा" म्हटलं, की काउंटरवर तीन-चार डबे येतात. सगळ्यांचा पडदा इवलासा, डोक्यावर टॉर्च, खाली ठसठशीत बटनं. त्यातल्या एखाद्याची किंमत आठशे-नऊशे रुपयांनी जास्त सांगितली, की आपल्याला वाटतं, हा आपल्याला कापून राहिला. कधी कापतही असेल. पण बरेचदा तो फरक खरा असतो. स्वस्तातला फोन 2जी, म्हणजे जुन्या पिढीच्या नेटवर्कचा असतो, महागातला 4जी, म्हणजे त्यानंतरच्या पिढीचा. दिसायला दोघं जुळे, पण गावात नेल्यावर एक बोलतो आणि दुसरा नुसता टॉर्च म्हणून खिशात राहतो.

नोकियाचीच जोडी घ्या. 2023 मध्ये 105 हा फोन 1,299 रुपयांना आला आणि 106 4जी 2,199 रुपयांना. दोन्ही हातात धरून पाहिले तर वजनात थोडा फरक जाणवतो, बाकी काही नाही. बटनं दोघांचीही चांगली, अंधारात नुसत्या बोटाने नंबर लावता येतो. जागलीला जाणाऱ्या माणसाला याहून जास्त काय पायजे? चालू व्हायला मात्र 4जीवाला जरा जास्त वेळ घेतो, 2जीवाला पटकन उठतो.

खरा फरक टॉवरशी बोलण्यात आहे. जिओची सेवा सप्टेंबर 2016 मध्ये सुरू झाली ती थेट 4जीवरच. जिओकडे 2जी नाहीच, त्यांचा कॉल व्होएलटीईवर, म्हणजे 4जीच्या वाटेनेच जातो. त्यामुळे 2जी फोनमध्ये जिओचं सिम टाकलं तर ते आत बसतं, पण टॉवरची एक काडी उभी राहत नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचं 2जी अजून चालू आहे, म्हणून त्यांचं सिम त्याच फोनमध्ये निवांत चालतं. लोक फोनला शिव्या घालतात, दुकानदाराशी भांडतात, पण फोन बिघडलेला नसतो. सिम आणि फोन यांची भाषाच वेगळी असते.

उलटं काय होतं तेही पाहा. खुल्या, म्हणजे कोणत्याही कंपनीचं सिम चालणाऱ्या 4जी बटन फोनला 4जीचा टॉवर मिळाला नाही आणि सिम एअरटेल किंवा बीएसएनएलचं असलं, तर तो मुकाट्याने 2जीवर उतरतो आणि कॉल लागतो. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत हा गुण फार मोलाचा. जिओचं सिम असेल तर उतरायला खाली काही नाही. 4जी गेलं की बोलणं तुटलं.

'खुला' म्हणालो ते मुद्दाम. जुलै 2023 मध्ये 999 रुपयांना आलेला जिओभारत हाही 4जी बटन फोनच, पण तो जिओच्या सिमलाच बांधलेला आहे. गावात जिओचा टॉवर पक्का असेल तर सौदा चांगला. पण पोरगी दुसऱ्या गावी दिली, तिथे फक्त दुसऱ्या कंपनीचा टॉवर, तर तिला हा फोन देऊन उपयोग नाही.

आवाजाचा फरक मात्र कानाला लगेच कळतो. 2जीवर आवाज साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातून जातो. व्होएलटीईच्या एचडी कॉलमध्ये तो 50 ते 7,000 हर्ट्झपर्यंत पसरतो, अर्थात दोन्ही टोकांना एचडी असेल तरच. स, श, फ यांची धार वरच्या पट्ट्यात असते आणि 2जीत ती कापली जाते. व्यापाऱ्याने कापसाचा भाव सांगितला तेव्हा तो सात हजार म्हणाला की आठ हजार, हे दोनदा विचारावं लागतं ते त्यामुळेच. घरात कमी ऐकू येणारं म्हातारं माणूस असेल तर माझ्या मते एवढ्या एका कारणासाठी वरचे पैसे द्यावेत.

बॅटरीत 2जी पुढे आहे. 4जीचं यंत्र जास्त खातं. 105 ला 1,000 एमएएच (बॅटरीत किती मावतं त्याचं माप) पुरली, 106 4जीला कंपनीने 1,450 दिली, यातच काय ते आलं. वावरातल्या खोपडीत चार्जिंगची सोय नसेल आणि माणूस फक्त "जेवण घेऊन ये" एवढंच बोलणार असेल, तर जुना 2जी फोन आणि बीएसएनएल किंवा एअरटेलचं सिम ही जोडी वाईट नाही.

पैसे पाठवण्यात दोघं बरोबरीचे. रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये आणलेलं यूपीआय 123पे साध्या फोनसाठीच आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. ई-पीक पाहणी मात्र या दोघांवरही होत नाही. त्यासाठी पोराचा स्मार्टफोन मागावाच लागतो.

दुकानात ओळखायचं कसं? डब्यावर फक्त जीएसएम 900/1800 छापलं असेल तर तो 2जी. एलटीई आणि व्होएलटीई हे दोन्ही शब्द दिसले तर 4जी. त्यापुढे जाऊन आपलंच सिम टाकून तिथेच एक फोन लावावा. दुकानदार "घेऊन जा न भाऊ, चालते" म्हणाला तरी लावावा.

सगळ्यात जास्त घोळ नंबर पोर्ट करताना, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना होतो. स्वस्त रिचार्ज ऐकून माणूस 2जी फोन तसाच ठेवून जिओत जातो, आणि दुसऱ्या दिवशी फोन गप्प. परत फिरायचं म्हटलं तर नव्या कंपनीत 90 दिवस काढल्याशिवाय पुन्हा पोर्ट करता येत नाही. मग नवा फोन घ्या, नाहीतर तीन महिने शेजाऱ्याच्या फोनवर बोला.

हाच घोळ मोटारपंपाच्या मोबाइल स्टार्टरमध्येही असतो. रात्रीची लाइन आली की हरभऱ्याला पाणी सोडायला घरूनच रिंग मारायची ती पेटी. तुमच्या हातातला फोन 2जी की 4जी, याचं त्या पेटीला काही देणंघेणं नाही. पेटीत जे सिम बसतं ते महत्त्वाचं, आणि जुन्या बऱ्याच पेट्या 2जीच्याच आहेत. घरच्या सगळ्यांचे नंबर जिओत नेले तरी पेटीतलं सिम एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचंच राहू द्या. नवी पेटी घेत असाल तर ती 4जी आहे का, हे फोनइतकंच खोदून विचारा.